लेसरनंतरचे पंधरा दिवस



या महिन्याच्या टपालात घोडबंदरच्या एका मुलीचं पत्र आहे. वय २४, बकरी ईदनंतर निकाह ठरलेला. हनुवटीवरचे केस काढण्यासाठी ती मीरा रोडला जाऊन लेसर करून घेते. पहिल्या दोन वेळा काहीच त्रास झाला नाही. तिसऱ्या वेळी भर दुपारी लेसर झालं आणि ती तशीच उघड्या रिक्षाने घरी आली. संध्याकाळी चेहरा जळजळू लागला, म्हणून घरातल्या मोठ्यांनी प्रेमाने बेसन-लिंबू लावलं. तिसऱ्या दिवशी चुलत बहिणीची हळद होती, तिथे सगळ्यांनी मिळून हिलाही उटणं चोळलं. आता हनुवटीवर आणि एका गालावर तपकिरी डाग आहेत. "केस गेले, पण तोंड काळं झालं. डाग जातील का? पुढचं लेसर बंद करू का?" असं ती विचारते.

बेटा, आधी उत्तर. असे डाग बहुतेक वेळा फिके होतात, इन्शाअल्लाह. पण आठवड्यात नाही, त्याला काही महिने लागतात, आणि या काळात ऊन आणि चोळणं पूर्ण बंद हवं. डाग असलेल्या जागेवर पुढचं लेसर आत्ता घेऊ नकोस. त्वचारोगतज्ज्ञाला दाखव आणि त्यांनी हो म्हटल्यावरच पुढे जा.

डाग का पडतात?

लेसरचा झोत काळा रंग शोधतो. केसातल्या काळ्या रंगात तो शिरतो, तिथे उष्णता होते आणि केसाचं मूळ भाजतं. म्हणूनच पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही. पण हाच रंग आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीतही असतो, त्यामुळे थोडी उष्णता कातडीतही मुरते. अशा तापलेल्या कातडीला लगेच ऊन, लिंबू किंवा घासणं मिळालं की ती स्वतःला वाचवण्यासाठी आणखी रंग तयार करते. तोच डाग. गोऱ्या कातडीपेक्षा आपल्या कातडीवर तो जास्त उठतो आणि जास्त दिवस टिकतो.

म्हणून लक्षात ठेवा, लेसर १०-१५ मिनिटांचं असतं. ते करणाऱ्याचं काम तिथे संपतं. पुढचे पंधरा दिवस आपल्या हातात असतात.

पहिले दोन दिवस

केसांच्या मुळांभोवती लाली आणि बारीक पुरळासारखी सूज येणं नेहमीचं आहे. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ती उतरते. स्वच्छ मऊ कापड थंड पाण्यात पिळून दहा-दहा मिनिटं ठेवा. बर्फाचा खडा थेट कातडीवर नको, त्यानेही इजा होते. डॉक्टरांनी दिलेलं मलम किंवा बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा. कोरफड चालते, पण बाजारातली बिनवासाची जेल घ्या. कुंडीतलं पान कापून लावलं तर त्यातल्या पिवळ्या चिकाने खाज सुटते.

बेसन, लिंबू, हळद, उटणं, टूथपेस्ट, तेल यांतलं काहीही नको. वाफ आणि गरम पाण्याची अंघोळ टाळा, कोमट किंवा थंड पाणी घ्या. तव्यासमोर, तंदूरसमोर तासन्‌तास उभं राहणं दोन दिवस दुसऱ्या कुणाकडे द्या. घरच्यांनीही एवढं समजून घ्यावं.

वुजूला काही अडचण नाही. साधं पाणी घ्या, चेहरा चोळू नका आणि टॉवेल हलक्या हाताने टेकवून टिपा. फोड आला असेल आणि डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हटलं असेल, तर शरीयतमध्ये अशा आजाऱ्यासाठी सवलत आहे. तपशील आपल्या इमामसाहेबांना विचारा.

बगलेत लेसर केलं असेल तर दोन दिवस डिओ नको, अत्तरही कातडीवर नको. लावायचंच तर ओढणीच्या टोकाला लावा. सैल सुती कुर्ता घाला. हनुवटी किंवा मानेवर केलं असेल तर हिजाबचं कापड मऊ सुती असू द्या, हनुवटीखाली सैल बांधा आणि पिन त्या जागेपासून लांब लावा. दमट हवेत घामाने भिजलेलं पॉलिस्टर दिवसभर त्याच जागी घासत राहतं.

ऊन

घोडबंदर गावातून मीरा रोडला किंवा ठाण्याला जायचं म्हणजे रिक्षा, बस आणि वाहनांची रांग. रिक्षात एका बाजूने ऊन थेट गालावर येतं आणि वाहतूक अडकली की अर्धा तास तसंच बसावं लागतं. म्हणून लेसरची वेळ संध्याकाळची घ्या.

किमान दोन आठवडे, जमलं तर पुढच्या लेसरपर्यंत, एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन रोज लावा. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. आपल्याला याची सोय वुजूतच आहे. आधी वुजू, मग नमाज, मग सनस्क्रीन. जोहरनंतर आणि असरनंतर लावलं की दुपार निभावते. डाग पडलेल्यांसाठी किंचित रंग असलेलं सनस्क्रीन अधिक चांगलं, कारण त्यातलं लोह-ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं. पातळ नकाबातून ऊन आत येतं, त्यामुळे नकाब घालणाऱ्या बहिणींनीही सनस्क्रीन सोडू नये.

पंधरा दिवस आणि पुढे

आठ-दहा दिवसांनी केस परत उगवल्यासारखे वाटतात. घाबरू नका. मुळापासून सुटलेले केस बाहेर ढकलले जात असतात, दोन-तीन आठवड्यांत ते आपोआप गळतात. त्यांना ओढू नका, स्क्रबने घासू नका. रेटिनॉल आणि ॲसिड असलेली क्रीमं निदान आठवडाभर बंद ठेवा, आणि पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दोन लेसरच्या मधल्या काळात थ्रेडिंग, वॅक्स, चिमटा यांतलं काही नको. मूळच उपटलं तर पुढचं लेसर शोधणार काय? अगदी गरज पडली तर रेझर चालतो. रेझरने केस जाड होतात ही समजूत खोटी आहे.

डाग घालवण्यासाठी दुकानातून गोरेपणाची क्रीमं आणू नका. त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. दोन आठवडे चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ उठतं आणि उलट चेहऱ्यावर केसही वाढतात. ज्यासाठी लेसर केलं तेच परत येतं.

निकाह असेल तर शेवटचं लेसर किमान महिनाभर आधी उरका. हळद-उटण्याच्या दिवशी लेसरची जागा सोडून इतरत्र लावायला सांगा. रस्म मोडत नाही आणि चेहरा वाचतो. मेंदी लावायच्या हातांवर लेसर केलं असेल तर कातडी पूर्ण शांत होऊ द्या, आणि काळी मेंदी तर कधीच नको. तिच्यातल्या रसायनाने चांगली कातडीही भाजते.

जाण्याआधी विचारा

तपासणारे डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ आहेत का? यंत्र कोण चालवणार, बाई आहे का? हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. सावळ्या रंगासाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेसर सर्वांत सुरक्षित मानलं जातं, ते आहे का? आधी लहानशा जागेवर करून पाहणार का? डोळ्यांवर चष्मा देणार का? नुकतंच ऊन लागलं असेल किंवा मुरुमांच्या गोळ्या चालू असतील तर ते आपण होऊन सांगा.

गालावरच्या बारीक लवीवर लेसर करण्याचा आग्रह धरू नका. अशा जागी काही वेळा केस उलट दाट होतात. हनुवटीवर जाड केस आणि सोबत पाळी अनियमित असेल तर आधी हार्मोनची तपासणी करून घ्या, नाहीतर लेसरचे पैसे पुन्हा पुन्हा भरावे लागतात. खर्च झेपत नसेल तर मुंबईच्या सायन, केईएम आणि नायर रुग्णालयांत त्वचारोगाचे बाह्यरुग्ण विभाग आहेत.

फोड, पू, ताप, दोन दिवसांनंतरही वाढणारी आग किंवा सूज यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फोड फोडू नका. "निकाह तोंडावर आलाय, लोक काय म्हणतील" म्हणून घरात लपवून ठेवू नका. लवकर दाखवलेला चटका बहुतेक वेळा खूण न ठेवता भरतो.

पुढच्या अंकात अनियमित पाळी आणि चेहऱ्यावरचे केस यांविषयी. प्रश्न पाठवा, नाव छापलं जाणार नाही.