वायद्याचा माल आणि आगाऊ पैसा

कापडाच्या धंद्यात माल उशिरा आला तर ग्राहक चार शब्द बोलतो आणि विसरतो. माल खराब निघाला तर मात्र तो दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही. हा हिशेब आम्ही आज कापडाला नव्हे, तर घरातील तरुण मुले ज्याची वाट पाहत बसली आहेत त्या मालाला लावून पाहणार आहोत.

या मालाचे नाव 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६'. मुले त्याला जीटीए म्हणतात. हा पडद्यावर खेळायचा खेळ. त्यात रस्ते, मोटारी, दुकाने, समुद्र असे अख्खे शहर उभे केलेले असते आणि कुठे जायचे, काय करायचे, हे खेळणाऱ्याने स्वतः ठरवायचे. अमेरिकेच्या रॉकस्टार कंपनीने पाचवा भाग सप्टेंबर २०१३ मध्ये आणला. तीन दिवसांत त्याची विक्री १ अब्ज डॉलरवर गेली आणि पुढे २० कोटींहून अधिक प्रती खपल्या. तोच भाग २०१४ मध्ये नव्या यंत्रांसाठी, २०१५ मध्ये संगणकासाठी आणि २०२२ मध्ये त्याहून नव्या यंत्रांसाठी पुन्हा विकला गेला. आमच्या भाषेत, एकच तागा चार वेळा गिऱ्हाइकापुढे उलगडला आणि चारही वेळा विकला! अशा कंपनीला नव्या मालाची घाई कशाला असेल?

आता वायदे पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये पहिली झलक दाखवून कंपनीने २०२५ सालचा वायदा केला. मे २०२५ मध्ये तो २६ मे २०२६ वर गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा सरकून १९ नोव्हेंबर २०२६ झाला. कारण काय, तर कामावर शेवटचा हात फिरवायचा आहे.

या उशिराला आम्ही दोष देत नाही. सणाच्या तोंडावर रात्रपाळी लावून उतरवलेल्या मालात दोष जास्त निघतात, हे भिवंडी-मालेगावच्या कारीगरांना सांगायला नको. या कंपनीची एक शाखा आपल्या बंगळुरूतही आहे. तेव्हा या खेळामागे हजारो हात आहेत आणि त्या हातांना वेळ मिळालाच पाहिजे.

पण उशीर झाला म्हणजे माल चोख निघेलच, असे समजू नये. पोलंडच्या एका कंपनीचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ २०२० या एकाच वर्षात तीनदा पुढे ढकलला गेला. डिसेंबरमध्ये आला तेव्हा जुन्या यंत्रांवर तो धड चालेना. सोनीने आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. खुद्द रॉकस्टारने नोव्हेंबर २०२१ मध्ये आपले तीन जुने खेळ नव्याने रंगवून विकले. त्यांत इतके दोष निघाले की कंपनीला माफी मागावी लागली. नाव मोठे असले तरी माल हातात घेऊन पाहावाच लागतो.

अशा खेळांची आगाऊ नोंदणी करून पैसे आधीच घेण्याची रीत आहे. आमचा आक्षेप आहे तो याच रीतीला. आपण गिरणीला बयाणा देतो, कारण ताग्यांची संख्या ठरलेली असते. उशीर केला तर माल दुसरा उचलतो. इंटरनेटवरून उतरवायचा खेळ कधी संपत नाही. पहिल्या दिवशी जितक्या प्रती, तितक्याच महिन्याने. मग न पाहिलेल्या मालासाठी आपला पैसा दुसऱ्याच्या गल्ल्यात का ठेवायचा?

वाचक बंधूंनी आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०२५ च्या घोषणेत हा खेळ फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या नव्या यंत्रांसाठी सांगितला होता. संगणकाचे नाव त्यात नव्हते. घरात नुसता संगणक असेल तर आधी नीट चौकशी करावी. दुसरे, मागील भाग प्रौढांसाठीचा होता. मारामारी, चोरी, शिवीगाळ त्यात भरपूर. लहान मुलाच्या हट्टाला बळी पडू नये. तिसरे, मोबाईलच्या व खेळांच्या दुकानदारांसाठी. दोनदा सरकलेल्या तारखेच्या भरवशावर उधारीने माल भरू नका. तारीख कंपनी पुढे ढकलते, पण सावकाराची तारीख सरकत नाही.

खेळ चांगला निघो, अशीच आमची इच्छा आहे. मुलांनी एवढी वर्षे धीर धरला, आता आणखी पंधरा दिवस धरावा. आधी घेणाऱ्यांना खेळू द्यावे, दोष कळू द्यावेत, मग खिशात हात घालावा. ऐतबार माल पाहून ठेवायचा असतो, जाहिरात पाहून नव्हे.