किल्ल्यांना कुलूप घालून पोरं वाचत नाहीत

मंडळी, आज जरा स्पष्टच लिहितोय. राग आला तर येऊ द्या.

पावसाळा लागला की प्रशासनाचा बंदी आदेश ठरलेला. पूर्वी कलम 144, आता 163. धबधबे, धरणं, घाट आणि कधी कधी त्याच यादीत लोहगड, विसापूर, तिकोनासुद्धा. आदेश निघाला की घरोघरी आई-बाप म्हणायला मोकळे, "बघ, सरकारपण नको म्हणतंय."

30 जून 2024 ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा पूल कोसळला, चौघांचा जीव गेला. दोन्ही घटना आठवल्या की आजही पोटात कालवतं. पण यात ट्रेक कुठे होता? कुंडमळ्याला तर पूल धोकादायक असल्याचा बोर्ड होता. बोर्डही होता, पूलही उभा होता, लोक गेले. तरी आपण अजून बोर्डच लावतोय!

वाहत्या पाण्यात उतरणारी गर्दी अडवाच. पोलीस लावा, दंड करा, माझा पूर्ण पाठिंबा. पण डोंगर शिकायला निघालेल्या पोराला त्याच काठीने हाणू नका.

मी नववीत असताना शाळेतल्या एका सरांनी आम्हा अकरा जणांना चिंचवडहून लोणावळा लोकलने मळवलीला नेलं. भाजे, गायमुख खिंड, लोहगड. विंचूकाट्याकडे जाताना मध्ये कातळाचा टप्पा उतरायचा होता, माझे पाय लटपटत होते. सर ओरडले नाहीत, हात धरून ओढलंही नाही. "पाय कुठे ठेवायचा ते आधी बघ, मग ठेव." एवढंच. टोकावर पोचलो तेव्हा खाली पवना धरणाचं पाणी चमकत होतं. त्या दिवशी जे वेड लागलं ते पन्नाशी ओलांडली तरी उतरलेलं नाही. गुरुवारच्या सुट्टीत (कारखान्यातल्या लोकांना गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको) जमेल तसा सह्याद्री तुडवला. तीस वर्षं शॉप फ्लोअरवर घाई न करता काम करायची सवय मला त्या कातळाने लावली, कुठल्या ट्रेनिंग प्रोग्रॅमने नाही.

आजच्या पोराला तसे सर कुठे भेटणार? त्याला भेटतं रील. जुलै 2023 मध्ये लोहगडावर एवढी गर्दी झाली की माणसं पायऱ्यांवर तासन् तास अडकली. ऑनलाइन पैसे भरून घेणारे, एका लीडरमागे पन्नास-साठ जणांची बॅच चढवणारे यात आहेतच. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलंय. त्यात नोंदणी आहे, प्रशिक्षित माणसांची अट आहे. पायथ्याला उभं राहून ती नोंदणी कोण तपासतं? आदेश काढायला एक सही पुरते, तपासायला माणसं लागतात. खरी गोम इथे आहे.

आणि कोणी अडकला की धावतं कोण? लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची पोरं. आपली कामं सोडून, रात्री-अपरात्री, भर पावसात दोर घेऊन. त्यांचा सत्कार करताना नेते पुढे, दोर-स्ट्रेचरचा खर्च निघाला की सगळे गप्प.

आपल्या पट्ट्यात पैसा नाही असं कृपया कोणी सांगू नये. कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले 2 टक्के सीएसआरला द्यावे लागतात. वह्या वाटल्या, झाडं लावली, फोटो काढले. त्यातलाच थोडा भाग महापालिकेच्या आणि खेड-मावळातल्या झेडपी शाळांच्या आठवी-नववीच्या पोरांना द्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, वीस-वीसच्या तुकड्या, सोबत प्रशिक्षित गिर्यारोहक आणि पायथ्याच्या गावातला वाटाड्या. त्या गावातही चार पैसे जातील.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यात आपला लोहगड. तेव्हा शहरभर फ्लेक्स लागले होते. ज्यांचे फोटो त्या फ्लेक्सवर होते त्यांना या आठवड्यात गाठा आणि एकच विचारा, यंदाच्या बजेटमध्ये आमच्या शाळेच्या ट्रेकसाठी किती रुपये आहेत? जे उत्तर मिळेल ते इथे खाली लिहा.