काटा नव्हे, फीत!

झरी जामणीसारख्या कोलाम-गोंड वस्तीच्या तालुक्यात साठीपुढील अनेक रुग्ण कृश दिसतात. वजन कमी, म्हणून प्रमेहाची शंका नाही, हा निष्कर्ष आमच्या मते घातक आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचा बीएमआय २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के!

वार्धक्यात मांसधातू क्षीण होतो, मेद उदराकडे साचतो आणि काटा तेच वजन दाखवतो.

चरकसंहितेत अतिस्थूलाची ओळख वजनावरून नव्हे, तर हलणाऱ्या उदरादी अवयवांवरून सांगितली आहे. प्रमेहात अबद्ध मेद दूष्य मानला असून बलवान स्थूलास संशोधन व दुर्बल कृशास बृंहण असा चिकित्साभेदही केला आहे. म्हणूनच केवळ पोट पाहून दुर्बल वृद्धास मेदोहर औषधे व लंघन देणे आम्हांस अमान्य आहे. त्याने मांसक्षयच वाढावयाचा.

वैद्यबंधू-भगिनींनी व औषधी दुकानदारांनी शिंप्याची फीत जवळ ठेवावी. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर मोजावे. पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंमीपुढे घेर गेल्यास रक्तशर्करा अवश्य तपासावी. घेर कमी असला तरी साठीपुढे ही तपासणी टाळू नये. चालू असलेली गोळी वा इन्सुलिन परस्पर बंद करू नये.

फितीचा खर्च नगण्य आहे. प्रमेहाच्या उपद्रवांचा खर्च शेतमजुराच्या घरास झेपणारा नाही.