छतावरची वीज निर्दोष आहे का?

सोलर बसवलं की 'आता वीज निर्दोष, कितीही वापरा' असं सर्रास ऐकू येतं. मला ते अर्धंच पटतं. पॅनलमध्ये काही जळत नाही, हे खरं. सिलिकॉनवर ऊन पडलं की त्यातले इलेक्ट्रॉन वाहू लागतात. ती डीसी वीज इन्व्हर्टर घरात चालेल अशी करून देतो. चंद्रपूरच्या केंद्रासारखा कोळसा पेटवावा लागत नाही. पण बॅटरी नसेल तर सूर्यास्तानंतरची वीज बाहेरच्या तारेतूनच येते. दिवसा दिलेले युनिट हिशेबात वळते होतात, म्हणून बिल खूप कमी दिसतं. रात्रीचा एसी मात्र बहुतेक कोळशावरच चालतो. आपलं स्वयंपाकघर तसंही सूर्यास्ताआधी आवरतं! मिक्सर, पंप, इस्त्रीही उन्हातच उरका. आणि पॅनल धुण्याआधी मऊ झाडूनं किडामुंगी अलगद बाजूला करा, पाणी गाळलेलंच घ्या.