श्वेतक्रांतीच्या हिशेबाबाहेरची शेळी

'दुधाचा महापूर' योजना १९७० साली सुरू झाली, तेव्हा नियोजकांच्या डोळ्यांपुढे गाय आणि म्हैस हीच जनावरे होती. ते स्वाभाविकच होते. संकलन केंद्र चालावयाचे तर गावातून रोज काही कॅन दूध निघाले पाहिजे. दोन शेळ्यांच्या घरातून ते कसे निघणार? २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या भरल्या, एकट्या महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक. तरी देशाच्या दुधात त्यांचा वाटा शेकडा तीन-चारच्या आसपासच आहे. तेव्हा शेळी ही मांसापुरतीच, असे मानून योजना मोकळ्या होतात.

हा निष्कर्ष घाईचा आहे. उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी दिवसाला साधारणतः अर्धा ते एक लिटर दूध देते, तेही थोडे महिनेच. संकरित गाईपुढे हा आकडा क्षुल्लक खराच. परंतु गाईला हिरवा चारा, पेंड आणि मुबलक पाणी लागते. शेळी बांधावरच्या बाभळीच्या पाल्याशेंगांवर निभावते. ज्याला जमीनच नाही, त्याने जनावरामागे किती लिटर हे पाहावयाचे नसून खर्चाच्या रुपयामागे किती, हे पाहावयाचे असते. शिवाय कर्जाची गाय मेली की कर्ज तेवढे उरते. चारांतील एक शेळी गेली, तर तीन उरतात. सानेनसारख्या परदेशी जातीशी संकर केल्यास दूध वाढते, पण त्याबरोबर खुराकाचा खर्चही वाढतो, हे सांगण्याचे बहुधा राहून जाते.

शेळीचे गुणगान करणारेही एक गोष्ट विसरतात. उस्मानाबादी शेळीला पुष्कळदा जुळी करडे होतात. दूध चहाच्या टपरीवर गेले, तर करडांच्या पोटी काय जाणार? करडू खुरटले की आठवड्याच्या बाजारात त्याचे मोल घटते. म्हणून सुरुवातीला दूध न काढणारी शेतमजूर बाई अडाणी नव्हे. तिचा हिशेब चोख असतो. पुढे जे दूध मिळते, ते बव्हंशी घरच्या मुलांच्या पोटात जाते. तेही उत्पन्नच, पण दूध संघाच्या वहीत त्याची नोंद होत नाही.

डेंग्यूची साथ आली की शहरांत हेच दूध एकाएकी भाव खाते. त्याने प्लेटलेट वाढतात, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. आणि साथीबरोबर चढलेला भाव साथीबरोबरच उतरतो. त्यावर कुणाचा संसार चालत नाही.

कच्छमध्ये उंटिणीच्या दुधाचे स्वतंत्र संकलन सुरू झाले आणि २०१९ साली 'अमूल'ने ते दूध बाजारात आणले. उंटिणींची संख्या ती किती! मराठवाड्यातील आणि नगर-नाशिककडील शेळीबहुल गावांत, करडे सुटल्यानंतरच्या दुधापुरता का होईना, संकलन केंद्रावर वेगळा कॅन आणि वेगळा दर ठेवण्यास राज्यातील दूध संघांना अडचण कोणती, हे त्यांनी एकदा सांगावे.