वाटी, कप आणि काटा



दिवाळी आली, फराळाची तयारी सुरू झाली असेलच. बेसनाच्या लाडवांना वाटी कुठलीही चालते, फक्त सगळ्या जिनसांना तीच हवी. घोळ होतो तो अर्धी कृती आईच्या वाटीची आणि अर्धी इथल्या कपाची झाली की.

अमेरिकन कप साधारण २४० मिली. त्यात साखर २०० ग्रॅम बसते, पिठीसाखर मात्र १२०च्या आसपास. म्हणजे कपभर पिठीसाखरेच्या जागी कपभर साखर दळून घातलीत तर लाडू दीडपटीहून गोड! चाळलेलं बेसन तर जेमतेम ९०-९५ ग्रॅम, दाबून भरलं की गणित संपलंच.

म्हणून मागच्या खेपेला साताऱ्याला जाताना छोटा काटा नेला. आई आता ७८ची, हाताच्या अंदाजाने करते. तिची वाटी, मूठ, चिमूट, सगळं घालण्याआधी तोलून वहीत उतरवलं. "सोनाराचं दुकान मांडलंस की काय गं!" म्हणाली, पण लिहून होईपर्यंत थांबली.

इथल्या तयार पिठीसाखरेत बहुधा कॉर्नस्टार्च असतो, तेव्हा साखर घरीच दळा. आणि तूप वजनानेच घ्या, थिजलेलं तूप वाटीत पोकळ्या ठेवून बसतं.

चकलीच्या भाजणीचं पुढच्या वेळी.