जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला न्हाई



आपल्या ग्रुपवर दोन दिवस एक व्हिडिओ फिरतोय. अमेरिकेतला आहे. तिथं पिकअपच्या हौद्यात जोड बसवून मागं घराएवढा ट्रेलर ओढतात, त्याला फिफ्थ व्हील म्हणतात. माणूस बटण दाबतो, हायड्रोलिकचे पाय खाली येतात, चाकं अधांतरी. मग गडी खुशाल खाली सरकून बेअरिंगला ग्रीस भरतो. आपली पोरं म्हणतात, "आपल्या ट्रॉलीला असलं पाहिजे राव."

पोरांनो, ते पाय गाडी सपाट उभी करायला दिलेले असतात. चाकं उचलून खाली काम करू नका, असं ते बनवणाऱ्यांच्याच पुस्तिकांत बजावलेलं असतं. व्हिडिओत ते कोण वाचून दाखवणार?

आणि त्यांना हसू नका. आपण काय वेगळं करतो? कारखान्याचं गाळप तोंडावर आलं की ट्रॉल्यांची कामं निघतात. बाटली जॅक लावायचा, चाक काढायचं आणि गड्याला म्हणायचं, "सरक खाली, पाच मिनटाचं काम हाय."

मीही हेच करत आलो. तीन वर्षांमागची गोष्ट. रात्री पाऊस झालेला, ट्रॉली वस्तीवर काळ्या रानात. रिकामी ट्रॉली दोनेक टनाची आणि जॅक २० टनी, म्हणून मी निर्धास्त. गडी ॲक्सलखाली, मी बाहेर. तो पाना घ्यायला बाहेर आला आणि मागं जॅकची बैठक एका बाजूनं मातीत रुतली. जॅक तिरका होऊन निसटला, ट्रॉली धाडकन खाली. पाना त्याच्या हाताशी असता तर? त्या रात्री मला झोप लागली न्हाई. त्याला खाली मीच घातला होता.

जॅकवर २० टन लिहिलंय म्हंजे तो तेवढं वजन उभं, सरळ, कडक जागेवर उचलू शकतो. धरून ठेवायची हमी त्यात नसते. आतलं तेल दाबून छोटा दट्ट्या मोठ्या दट्ट्याला वर ढकलतो. ते तेल अडवून धरतं एक रबरी सील आणि एक छोटा व्हॉल्व्ह. सील झिजलं, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, की भार खाली येतो. कधी हळूहळू, कधी एकदम. टिपर ट्रॉलीचंही तसंच. हौदा वर करून खाली डोकं घालता, तेव्हा जीव एका पाइपावर असतो.

"तीस वर्षं करतोय, काय झालं न्हाई." हे उत्तर मला रोज मिळतं. ज्याचं झालं तो सांगायला येत न्हाई, एवढंच.

आणखी एक कडू बोलतो. जॅक मालकाचा, ट्रॉली मालकाची, खाली झोपतो गडी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला २ लाख मिळतात, एक हात किंवा पाय गेला तर १ लाख. पण ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. भूमिहीन गडी त्यात बसतच न्हाई. मग त्याच्या लेकराबाळांना कोण बघणार? तुम्ही बघणार?

मी आता असं करतो. ट्रॉली रिकामी, जागा कडक आणि सपाट. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच, ट्रॅक्टर बंद, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून दगड. नट जमिनीवर असतानाच सैल करायचे. जॅकखाली जाड फळी. जॅक ॲक्सलला लावायचा आणि उचलल्याबरोबर ॲक्सलखाली दोन्ही बाजूंनी लोखंडी घोड्या. मग जॅक सैल करून भार घोड्यांवर सोडायचा, ट्रॉली हलवून बघायची, मगच माणूस खाली. विटा, दगड रचून टेकू देऊ नका, वीट न सांगता फुटते. टिपरचा हौदा वर असेल तर आधी लोखंडी टेकू, मग हात.

घोड्यांना माझे साडेचार हजार गेले. ट्रॉलीच्या एका टायरपेक्षा कमी.

कृषी खात्यातली, कॉलेजातली मंडळी हे पेज वाचतात, त्यांनाही सांगणं आहे. अवजारांच्या अनुदानाची माहिती देता तशी एकदा घोडी कशी लावायची ते शिवारात येऊन दाखवा. आणि जॅक विकणाऱ्या दुकानदारांनो, सूचनेचं स्टिकर मराठीत लावा. इंग्रजी वाचणारा माणूस ट्रॉलीखाली झोपत न्हाई.

खांडेनवमीला आपण ट्रॅक्टरला हार घालतो, पान्यांना हळद-कुंकू लावतो. यंदा त्या पूजेत दोन घोड्या मांडा. आणि गड्याला खाली पाठवायच्या आधी स्वतःला एक विचारा: इथं माझा पोरगा असता तर मी त्याला नुसत्या जॅकवर खाली घातला असता का?